हक्क एकदाच मिळतो : पेन्शन आलेल्या एका लान्स नायकाचं प्रकरण

मे २०२४ मधली गोष्ट. रात्री साडेनऊला फोन वाजला. पलीकडून आवाज आला, "सुभेदार साहेब, जेवण झालं का?" एवढं विचारून तो गप्प झाला. मग म्हणाला, "परवा मुंबईला हजर व्हायचंय. हजर झालो तर बँकेच्या निकालाचं काय?"

या एका प्रश्नाभोवती हे सगळं प्रकरण फिरतं. नाव लिहीत नाही, तशी त्याची इच्छा आहे. पाटण तालुक्यातला मुलगा, इन्फंट्रीत १७ वर्षं काढून लान्स नायक म्हणून पेन्शन आलेला. मी क्लार्क ट्रेडचा. सुभेदार होऊन घरी आलो तेव्हापासून दर रविवारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बसतो आणि आसपासच्या गावांतून पेन्शन आलेल्या पोरांचे कागद बघतो. दहा वर्षांत बरीच प्रकरणं हाताखालून गेली, पण सरकारी नोकरीतल्या माजी सैनिकांच्या आरक्षणाचं सगळं गणित एकाच माणसाच्या फाइलीत दिसावं असं हेच. म्हणून ते पहिल्यापासून लिहितो.

घरची स्थिती

मार्च २००६ मध्ये तो भरती झाला तेव्हा १९ वर्षांचा होता, बारावी कला झालेला. मार्च २०२३ अखेर डिस्चार्ज मिळाला तेव्हा ३६ वर्षांचा. घरी आई-वडील, बायको, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. जमीन दीड एकर, भाताची, पावसावरची. हातात आलेला फंड, ग्रॅच्युइटी आणि विकलेली पेन्शन (म्हणजे पेन्शनच्या काही भागाऐवजी आधीच घेतलेली एकरकमी रक्कम) यातला मोठा हिस्सा घराच्या स्लॅबमध्ये गेला. आपल्याकडे बहुतेक जण हेच करतात आणि मी त्याला दोष देत नाही. सतरा वर्षं बॅरेकमध्ये आणि तंबूत झोपलेल्या माणसाला स्वतःचं पक्कं घर हवंच असतं. पण वर्षाच्या आत खात्यात पेन्शन सोडून काही उरत नाही, आणि पेन्शनवर घर चालतं, मुलीचं पुढचं शिक्षण होत नाही.

एप्रिलमध्येच त्याला पुण्याच्या एका कंपनीत सिक्युरिटीचं बोलावणं आलं होतं. बारा तासांची ड्युटी, आठवड्याला एक सुट्टी, राहायला चौघांत एक खोली. त्याची बायको माझ्यासमोर बोलली ती वाक्यं मला जशीच्या तशी आठवतात. "सतरा वर्सं मी पत्रावर आन् फोनवर संसार केला, भावजी. आता परत त्येच का?" त्यानं ती नोकरी नाकारली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, म्हणजे आमचे जुने लोक अजून ज्याला सोल्जर बोर्ड म्हणतात तिथे, नाव नोंदवलं, ओळखपत्र काढलं आणि पुढच्या रविवारी माझ्याकडे आला.

कागद

पहिल्या दिवशी मी अभ्यासाचं काही विचारत नाही. आधी पिशवी उलटी करायला सांगतो. त्याच्या पिशवीतून निघालं ते असं. प्लॅस्टिकच्या कव्हरातलं डिस्चार्ज बुक, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) झेरॉक्स, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, दोन कोर्सची प्रमाणपत्रं आणि रेकॉर्ड ऑफिसनं दिलेलं पदवी समकक्षतेचं प्रमाणपत्र. हे शेवटचं प्रमाणपत्र त्यानं दुसऱ्या कागदांच्या घडीत दुमडून ठेवलं होतं. ते कशासाठी असतं याची त्याला कल्पना नव्हती.

ते कशासाठी असतं, तर दहावी पास जवानानं १५ वर्षं सेवा केली असेल, तर ज्या गट क पदांना पदवी लागते पण तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव लागत नाही, त्या पदांना तो अर्ज करू शकतो. केंद्राचा हा नियम जुना आहे. बँकांच्या लिपिक भरतीतही अशीच तरतूद असते आणि आपल्या राज्याच्या तलाठी भरतीतही आहे. बारावी कला झालेल्या या माणसापुढे त्या एका घडी घातलेल्या कागदानं पदवीधरांच्या परीक्षा उघडल्या. मी तो कागद सरळ केला, त्याच्या पाच झेरॉक्स काढायला लावल्या आणि मूळ प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला सांगितली.

अडचण दुसरीकडे निघाली. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम होता. डिस्चार्ज बुकात नाव आणि आडनाव एवढंच, वडिलांचं नाव गळलेलं. पीपीओत बायकोच्या नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं. सेवेत असताना या गोष्टींनी कुणाचं अडत नाही, कारण तिथे माणूस नंबरानं ओळखला जातो. बाहेर आल्यावर कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर याच गोष्टी अडतात. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घेतलं आणि पीपीओतल्या दुरुस्तीसाठी रेकॉर्डला पत्र लिहिलं. यात अडीच महिने गेले. हेच काम युनिटमध्ये असताना, शेवटच्या वर्षात, कंपनी क्लार्ककडे बसून पंधरा दिवसांत झालं असतं. मी स्वतः ते टेबल सांभाळलंय म्हणून खात्रीनं सांगतो.

शेवटच्या वर्षाबद्दल आणखी एक. मुदत संपायला वर्ष उरलं की जवानाला सेवेत असतानाच, कमांडिंग ऑफिसरचं ना-हरकत घेऊन, माजी सैनिकांच्या जागांसाठी अर्ज करता येतो. पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्सही त्याच काळात करता येतात आणि जवान व जेसीओंसाठी (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) त्यांचा खर्च सरकार उचलतं. यानं दोन्ही केलं नाही. "शेवटचं वर्ष होतं, साहेब, म्हटलं घरी जाऊन बघू," असं तो म्हणाला. दहातले आठ जण हेच म्हणतात.

आरक्षण किती आणि पोचतं किती

वयाचा प्रश्न त्याला नव्हता. केंद्राच्या हिशेबात वयातून सैन्यसेवा आणि वर तीन वर्षं वजा होतात. ३६ मधून १७ आणि ३ गेले की उरले १६. राज्यातही सेवेचा काळ आणि तीन वर्षं कमाल मर्यादेत मिळवली जातात.

जागांचं गणित असं. केंद्र सरकारच्या गट क मध्ये माजी सैनिकांना १० टक्के, गट ड मध्ये २० टक्के. सार्वजनिक उपक्रम आणि सरकारी बँका इथे गट क मध्ये साडेचौदा आणि गट ड मध्ये साडेचोवीस टक्के. त्यातले साडेचार टक्के युद्धात अपंगत्व आलेले जवान आणि शहिदांच्या कुटुंबीयांसाठी. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत असिस्टंट कमांडंट पदापर्यंतच्या थेट भरतीत १० टक्के. महाराष्ट्रात गट क आणि गट ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण.

आता प्रत्यक्षात काय झालंय ते बघा. ३० जून २०२१ ची केंद्राचीच आकडेवारी आहे. ज्या केंद्रीय खात्यांनी माहिती दिली त्यांच्या गट क मध्ये माजी सैनिक होते १.२९ टक्के, गट ड मध्ये २.६६ टक्के. सार्वजनिक उपक्रमांत गट क मध्ये १.१५ आणि गट ड मध्ये ०.३ टक्के. सशस्त्र पोलीस दलांच्या गट क मध्ये ०.४७ टक्के. फक्त सरकारी बँका वेगळ्या निघाल्या. तिथे गट क मध्ये ९.१० टक्के आणि गट ड मध्ये २१.३४ टक्के.

हे आकडे मी त्याला पाटीवर लिहून दाखवले. मला एवढंच सांगायचं होतं की आपल्या माणसाला जिथे खरोखर जागा मिळते ते दार बँकेचं आहे, म्हणून मुख्य तयारी बँकेची कर, बाकीच्या परीक्षा बरोबर दे.

इतकी कमी माणसं का, तर खाती म्हणतात पात्र उमेदवार मिळत नाहीत, आणि माजी सैनिक म्हणतात आम्हाला घेत नाहीत. माझ्या हॉलमधल्या बाकावरून मला दोन्ही बाजूंचं खरं दिसतं. परीक्षा अवघड जातात. किमान गुणांची अट असते. अर्जात माजी सैनिकाचा रकाना चुकीचा भरला जातो. आणि एक कारण कुणी उघड बोलत नाही. ज्यानं सतरा-अठरा वर्षं गाव सोडून काढली, त्याला परत गाव सोडवत नाही. दिल्ली-मुंबईची पोस्टिंग म्हटलं की अर्जच करत नाही. यात आळस नाही. त्याच्या घरच्यांनी आधीच दिलेली किंमत आहे ती.

समांतर आरक्षणाची एक बाजू नीट समजून घ्यायला हवी. ते प्रत्येक प्रवर्गाच्या आत चालतं. खुल्या प्रवर्गातल्या माजी सैनिकाची जागा खुल्यातली, इतर मागासवर्गातल्याची त्या वर्गातली. पात्र माजी सैनिक मिळाला नाही, तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला जाते. पुढच्या वर्षी ती आपल्यासाठी राखून ठेवलेली नसते. म्हणजे एकदा गेली ती गेली.

जून-जुलै २०२३

नावाच्या दुरुस्तीचं काम अर्धवट असतानाच एकापाठोपाठ एक जाहिराती आल्या. २६ जूनला तलाठी भरती, ४,६४४ पदं. जूनअखेर स्टाफ सिलेक्शन कमिशनची एमटीएस, म्हणजे केंद्रीय कार्यालयांतल्या शिपाईवजा पदांची भरती. जुलै उजाडताच आयबीपीएसची, म्हणजे सरकारी बँकांसाठी परीक्षा घेणाऱ्या संस्थेची, लिपिक भरती. तिन्ही अर्ज मी त्याच्यासमोर बसून भरायला लावले, पण बोटं त्याचीच. दुसऱ्यानं भरलेला अर्ज पडताळणीच्या दिवशी स्वतःला आठवत नाही.

तो कराडच्या एका अभ्यासिकेत जायला लागला. आजूबाजूला बावीस-तेवीस वर्षांची मुलं. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "पोरं मला काका म्हणत्यात." मग त्याच मुलांनी त्याला शेकडेवारी, गुणोत्तर आणि बैठकव्यवस्थेची कोडी शिकवली. तो पहाटे चारला उठायचा, ती सवय सैन्यानं लावलेलीच होती. दोन महिन्यांत गणित बऱ्यापैकी हाताला लागलं. सामान्यज्ञानात नकाशा पक्का, कारण निम्मा देश पायाखालून गेलेला.

खरी अडचण मराठीत आली. मला स्वतःला ते अपेक्षित नव्हतं. सतरा वर्षं हुकूम हिंदीत, रिपोर्ट हिंदीत, जेवणाच्या पंगतीतल्या गप्पाही निम्म्या हिंदीत. समास, प्रयोग, विभक्ती, वाक्प्रचार हे सगळं दहावीच्या बाकावरच राहून गेलेलं. तलाठीच्या परीक्षेत शंभर प्रश्न, दोनशे गुण, त्यात मराठीला पन्नास. तो म्हणाला, "साहेब, बोलतो मराठीच, पण 'कर्मणी' कशाला म्हणतात ते पार विसरलो." मराठी मुलखातला मराठी माणूस, मराठीच्याच प्रश्नांत मागे पडला, कारण त्याचं तारुण्य देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं. परीक्षा घेणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. प्रश्न सोपे करू नका, पण माजी सैनिकांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी चार महिन्यांचा मराठी आणि गणिताचा वर्ग चालवला तर कितीतरी जागा हातातून जाणार नाहीत.

तलाठीला राज्यभरातून दहा लाखांवर अर्ज आले. गुणवत्ता यादीत यायला किमान ४५ टक्के, म्हणजे दोनशेपैकी नव्वद गुण हवे होते. याला चौऱ्याऐंशीच्या आसपास पडले. सहा गुण. माजी सैनिकांची यादी लांब नव्हती, पण नव्वदची रेघ ओलांडल्याशिवाय यादीचा उपयोग काय?

आयबीपीएसची पूर्वपरीक्षा तो पास झाला. माजी सैनिकांची कटऑफ तिथे बरीच खाली असते, पण तीन विषयांचे एका तासात शंभर प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, त्यामुळे वेग लागतो. मुख्य परीक्षेत तो अडला. बँकिंग आणि अर्थव्यवस्थेची घडामोड त्यानं शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकलली होती.

एमटीएसचा पेपर मराठीतून देता आला. त्याच वर्षापासून कमिशननं ही परीक्षा तेरा प्रादेशिक भाषांत घ्यायला सुरुवात केली होती. पहिल्या सत्रात गणित आणि बुद्धिमत्ता, तिथे फक्त पास व्हायचं. गुणवत्ता ठरते दुसऱ्या सत्रात, सामान्यज्ञान आणि इंग्रजीवर. तिथे तो तरून निघाला.

आणि आयबीपीएसची मुख्य परीक्षा बरी गेली नाही हे त्याच संध्याकाळी कळल्यामुळे, डिसेंबर २०२३ मध्ये एका मोठ्या सरकारी बँकेच्या लिपिक पदाची जाहिरात चालू होती तिथे त्यानं अर्ज केला. मला न विचारता केला. पुढे सगळं त्या अर्जावर उभं राहिलं.

परवा हजर व्हायचंय

आता मेमधल्या त्या फोनकडे येतो. एमटीएसचं नेमणुकीचं पत्र आलं होतं, मुंबईतल्या एका केंद्रीय कार्यालयात. बँकेची मुख्य परीक्षा झाली होती, चांगली गेली होती, निकाल बाकी. कुणीतरी त्याला सांगितलं की एकदा सरकारी नोकरीत हजर झालास की माजी सैनिक हा दर्जा संपतो, मग बँकेत तुला खुल्यातून मोजणार.

सांगणाऱ्याचं अर्धं बरोबर होतं. केंद्राचा नियम असा आहे की माजी सैनिकाच्या सवलतीचा फायदा घेऊन एकदा नागरी सरकारी नोकरीत रुजू झालं, की आरक्षणापुरता तो दर्जा संपतो. वरच्या पदासाठी वयाची सवलत पुढे मिळते, राखीव जागा मिळत नाही. खाजगी नोकरी किंवा कधीही काढून टाकता येईल अशी कंत्राटी, तात्पुरती नोकरी यानं तो हक्क खर्च होत नाही. म्हणून माजी सैनिक महामंडळामार्फत कंत्राटावर गार्ड म्हणून दोन वर्षं काढलेल्या माणसाचा हक्क शाबूत असतो, आणि एमटीएसमध्ये कायम नेमणूक घेतलेल्याचा मात्र जातो.

उरलेलं अर्धं सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. १४ ऑगस्ट २०१४ रोजी कार्मिक विभागानं एक आदेश काढला. त्यानुसार पहिल्या नोकरीत हजर होण्याआधी ज्या ज्या जागांसाठी अर्ज केले आहेत, त्यांचा तारीखवार तपशील माजी सैनिकानं हजर झाल्याबरोबर त्या कार्यालयाला लेखी घोषणापत्रानं दिला, तर त्या अर्जांपुरता त्याचा दर्जा कायम राहतो. म्हणजे डिसेंबर २०२३ चा बँकेचा अर्ज वाचवता येत होता. हजर झाल्यानंतर केलेला कोणताही नवा अर्ज वाचणार नव्हता.

मी त्याला म्हटलं, "हजर हो. न होण्याची चूक करू नकोस. हातातली कायम नोकरी निकालाच्या आशेवर सोडायची नाही. पण जाताना एक कागद घेऊन जा."

त्याच रात्री तो मोटरसायकलवर माझ्या घरी आला. वडील मागे बसलेले, त्यांना घरी थांबवलं नाही. आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर घोषणापत्र लिहिलं. त्यात सेवा क्रमांक, डिस्चार्जची तारीख, त्या आदेशाचा उल्लेख आणि खाली तक्ता: कोणत्या भरतीचा अर्ज, जाहिरात क्रमांक, अर्जाची तारीख, नोंदणी क्रमांक, सद्यस्थिती. बँकेचा अर्ज लिहिला. मी विचारलं, "आणखी काही?" म्हणाला, नाही. वडील मध्येच बोलले, "आरं, ती झेडपीची परीक्षा दिली न्हवं का तू?" ऑगस्ट २०२३ मध्ये जिल्हा परिषदेच्या भरतीचा एक अर्ज केला होता, त्याचा निकाल अजून यायचा होता, तो साफ विसरला होता. राज्याचे नियम वेगळे वाचावे लागतात, पण नोंद करून ठेवण्यात नुकसान काहीच नाही. तीही ओळ घातली. अर्जांच्या पावत्यांच्या झेरॉक्स मागे जोडल्या. दोन प्रती. तारखेची जागा मोकळी ठेवली, कारण तारीख हजर होण्याच्या दिवसाचीच हवी.

हजर झाल्या दिवशी दुपारी बाराला त्याचा परत फोन. आस्थापना शाखेतल्या माणसानं कागद वाचून परत दिला. असा कागद आम्ही घेत नाही, तुमच्या फाइलीत लावायला असा कुठला नमुना नाही, असं उत्तर. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर असा कागद याआधी कधी आलाच नसावा. मी म्हटलं, त्याच्याशी वाद घालू नकोस, नवीन नोकरीचा पहिला दिवस आहे. आवक-जावकच्या खिडकीवर जा, कार्यालयप्रमुखांच्या नावे अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का माग. तिथे बसलेल्या बाईंनी काही न विचारता शिक्का मारला, आवक क्रमांक आणि तारीख घातली. तेच घोषणापत्र त्यानं त्याच संध्याकाळी स्वतःच्या ईमेलवरून कार्यालयाच्या अधिकृत पत्त्यावरही पाठवलं. एका पोस्टकार्डाएवढ्या जागेत बसेल असा तो निळा शिक्का. त्या दिवशी त्याला त्याची किंमत कळली नव्हती.

मुंबईत तो दीड महिना होता. फाइली एका मजल्यावरून दुसऱ्यावर न्यायच्या, टपाल वाटायचं, साहेबांच्या खोलीची व्यवस्था बघायची. मला काळजी होती की हत्यार हातात घेऊन पहारा दिलेल्या माणसाला हे काम कसं वाटेल. त्यानं एकदाच त्याविषयी सांगितलं. "काम कुठलंबी कमी न्हाई, साहेब. पण कुणी नाव विचारत न्हाई, 'ए, हे घेऊन जा' म्हणत्यात, ते लागतं." त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

निकाल आणि पडताळणी

जूनअखेर बँकेचा निकाल लागला. माजी सैनिकांच्या यादीत त्याचा नंबर होता. पडताळणीच्या टेबलावर अधिकाऱ्यानं पहिला प्रश्न विचारला तो, सध्या कुठे नोकरी करता? त्यानं खरं सांगितलं. इथे खोटं सांगणारे मी पाहिलेत, आणि पुढे नोकरी गेलेलेही पाहिलेत. दुसरा प्रश्न अपेक्षित होता. मग माजी सैनिकांच्या जागेवर कसे? त्यानं शिक्क्याची प्रत पुढे केली. अधिकाऱ्यानं अर्जाची तारीख पाहिली, हजर झाल्याची तारीख पाहिली, आवक क्रमांक उतरवून घेतला, आणि आदेश वाचायला प्रत आत पाठवली. तो अर्धा तास बाकावर बसून होता. मग त्याला आत बोलावून पुढचे कागद मागितले. नावाचं राजपत्र तिथे दुसऱ्यांदा कामाला आलं.

त्याच्याबरोबर भरती झालेला, दुसऱ्या तालुक्यातला एक जण त्याच्या आधी काही महिने दुसऱ्या एका केंद्रीय खात्यात लागला होता. त्यानंही हजर होण्याआधी याच बँकेचा अर्ज केला होता आणि तोही मुख्य परीक्षेपर्यंत पोचला. त्याच्याकडे घोषणापत्र नव्हतं, त्याला तसं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. त्याला परत जावं लागलं. दोघांच्या गुणांत फार फरक नव्हता.

एमटीएसचा राजीनामा मंजूर होऊन कार्यमुक्तीचा आदेश मिळायला काही दिवस लागले, ते रीतसर झालं. पगार ठरवण्याच्या वेळी त्याचा मला पुन्हा फोन आला. पंचावन्नच्या आत निवृत्त झालेल्या आणि अधिकारी हुद्द्याखालच्या जवानाची पेन्शन नव्या पगाराचा हिशेब करताना पूर्ण बाजूला ठेवतात, हे तत्त्व त्याच्या बाजूचं होतं. पण सैन्यातला शेवटचा पगार धरून वरची पायरी घ्यायची, की किमान पायरीवर राहून पेन्शनवरची महागाई सवलत चालू ठेवायची, हे दोन्ही आकडे मांडून बघावे लागतात. आम्ही कागदावर दोन्ही मांडले. त्यानं कोणता पर्याय घेतला ते त्याच्या घरचं आहे. एकदा लिहून दिलं की बदलणं कठीण, म्हणून सहीआधी दोन दिवस मागून घे एवढंच मी सांगितलं.

आता तो सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत काउंटरवर बसतो. पेन्शनीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांची रांग लागते, त्यात आमच्याच पलटणींचे जुने जवान असतात, वीरपत्नी असतात. हयातीचा दाखला कसा द्यायचा, पीपीओतली चूक कुठे कळवायची, हे तो त्यांना बसवून समजावतो. स्वतःच्या पीपीओसाठी अडीच महिने फिरल्यामुळे त्याला ते पाठ आहे.

हल्ली हॉलमध्ये अग्निवीरांचे बापही येतात. २०२२ साली आलेल्या त्या योजनेत चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलं कायम होणार, बाकीची घरी येणार. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांसाठी जागा राखलेल्या आहेत. पण वर लिहिलेलं बहुतेक सगळं, पंधरा वर्षांवरची पदवी समकक्षता, पेन्शन, माजी सैनिकाचा दर्जा, त्यांना लागू होत नाही. त्यांचे बाप माझ्यासमोर याच माणसाच्या फाइलीचं उदाहरण घेऊन बसतात, तेव्हा मला त्यांना थांबवून सांगावं लागतं की तुमच्या मुलाचा रस्ता वेगळा आहे. त्यानं सेवेत असतानाच बारावी आणि पुढचं शिक्षण पुरं करायला हवं. लष्कराची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला लागली, म्हणजे त्यांच्याकडे वेळ थोडा आहे.

गेल्या रविवारी लान्स नायक स्वतः हॉलवर आला होता. बरोबर त्याच्याच गावातला एक नायक, पुढच्या आठवड्यात टपाल खात्यात हजर होणारा, बँकेचे दोन अर्ज आधी केलेला. लान्स नायकानं शिक्क्याची ती प्रत टेबलावर ठेवली, कोरा कागद ओढला आणि त्याला म्हणाला, "आधी सगळ्या अर्जांच्या तारखा सांग. आन् घरी फोन लावून आबांना विचार, तू कुठला इसरलाय का."